भंगारातली मोटार आणि वेगाचा हिशेब

एक गणित घेऊ. एका तरुणाजवळ काही वर्षांपूर्वीची जुनी मोटार आहे. तिचा सर्वोच्च वेग ताशी सुमारे १०५ किलोमीटर. तो त्याला १६० वर न्यायचा आहे. नवी मोटार घेण्याइतके पैसे नाहीत. मात्र गावात भंगाराचे आवार आहे, मित्राच्या घरामागे शेड आहे आणि संध्याकाळचा वेळ मोकळा आहे. त्याने काय करावे?

हे गणित आम्ही कल्पनेने रचलेले नाही. १९३० ते १९५० या काळात अमेरिकेच्या कॅलिफोर्निया राज्याच्या दक्षिण भागातील असंख्य तरुणांनी ते प्रत्यक्ष सोडवले. जुन्या मोटारीचे इंजिन काढायचे, जागी दुसरे मोठे इंजिन बसवायचे, नको असलेले पत्रे काढून टाकायचे आणि मोटार जमिनीलगत आणायची, ही त्यांची रीत. अशा मोटारींना ‘हॉट रॉड’ हे नाव दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास रूढ झाले.

या इतिहासाकडे आम्ही वळलो ते विद्यार्थ्यांच्या प्रश्नांमुळे. शाळांत बोलायला गेलो की कार्यक्रम संपल्यावर मुले भोवती जमतात. ग्रहताऱ्यांचे प्रश्न संपले की मागचा एखादा मुलगा हळूच विचारतो, “सर, सायलेन्सर काढला तर गाडी जास्त पळते का?” या प्रश्नावर रागावणे सोपे असते. पण त्यामागचे कुतूहल खरे असते, आणि त्याला उत्तर न मिळाल्यास ते रस्त्यावर शोधले जाते. असे उत्तर शोधताना एका पिढीने काय कमावले आणि काय गमावले, ते पाहणे म्हणूनच उपयोगाचे आहे.

स्वस्त मोटार, स्वस्त इंजिन

हेन्री फोर्ड यांच्या कारखान्याने १९०८ ते १९२७ या काळात ‘मॉडेल टी’ या मोटारीचे दीड कोटींहून अधिक नग बनवले. तिचे इंजिन २० अश्वशक्तीचे होते. तिच्यानंतर आलेली ‘मॉडेल ए’ ४० अश्वशक्तीची होती. १९३० नंतरच्या आर्थिक मंदीत या दोन्ही मोटारी जुन्या बाजारात अगदी स्वस्त मिळू लागल्या. कॅलिफोर्नियाची हवा कोरडी असल्याने त्यांचे पत्रे फारसे गंजलेले नसत.

१९३२ साली फोर्डने आठ सिलिंडरांचे इंजिन बाजारात आणले. चार-चार सिलिंडरांच्या दोन ओळी इंग्रजी ‘व्ही’ अक्षराप्रमाणे एकमेकींना जोडलेल्या, म्हणून त्याचे नाव व्ही-एट. अशी इंजिने पूर्वीही होती, परंतु ती महागड्या मोटारींत असत. फोर्डच्या कारखान्याने इंजिनाचा संपूर्ण ब्लॉक एकाच ओतकामात तयार करण्याचे तंत्र साधले आणि ३.६ लिटरचे, ६५ अश्वशक्तीचे इंजिन सामान्य माणसाच्या मोटारीत आणले. पुढे अपघातात मोडलेल्या व्ही-एट मोटारी भंगारात येऊ लागल्या. मोटार मोडली तरी इंजिन बहुधा शाबूत असे. हेच आपल्या तरुणाचे भांडवल.

हे इंजिन जुन्या मॉडेल ए मध्ये बसवणे म्हणजे केवळ चार बोल्ट आवळणे नव्हते. ते रुंदीला अधिक, म्हणून चासीवर नवे आधार जोडावे लागत. गिअरबॉक्सही त्याच इंजिनाचा घ्यावा लागे. वाढलेल्या पिळाने जुनी, हलकी चासी वाकण्याची भीती असे. म्हणून पुष्कळ जण मॉडेल ए चा सांगाडा १९३२ च्या अधिक मजबूत चासीवर चढवत.

आणखी एक अडचण होती. या इंजिनाच्या झडपा सिलिंडरच्या बाजूला, ब्लॉकमध्येच असत. वरचे झाकण म्हणजे जवळजवळ सपाट तुकडा, म्हणून त्याला ‘फ्लॅटहेड’ म्हणत. जळालेले तप्त वायू बाहेर पडताना ब्लॉकमधून, थंड करणाऱ्या पाण्याच्या पोकळ्यांजवळून जात आणि पाणी तापवत. त्यामुळे इंजिन बदलले की रेडिएटरचाही विचार नव्याने करावा लागे. एक वस्तू बदलली की तिच्या शेजारची वस्तू नवा प्रश्न घेऊन उभी राही.

शक्ती विकत, आकार फुकट

आता हिशेब करू. वेगाने धावणाऱ्या मोटारीला मुख्य विरोध हवेचा असतो. हा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. शक्ती म्हणजे बल गुणिले वेग, म्हणून लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. दुप्पट वेग हवा असेल तर आठपट शक्ती हवी.

मॉडेल ए चा सर्वोच्च वेग ताशी सुमारे १०५ किलोमीटर होता. तिच्यात ४० ऐवजी ६५ अश्वशक्तीचे इंजिन बसवले तर शक्ती १.६२५ पट झाली. या संख्येचे घनमूळ सुमारे १.१८. म्हणजे नवा वेग ताशी १२४ च्या आसपास. शक्ती साठ टक्क्यांहून अधिक वाढली, वेग मात्र केवळ अठरा टक्के! ताशी १६० गाठण्यासाठी मूळ शक्तीच्या साडेतीनपट, म्हणजे सुमारे १४० अश्वशक्ती लागेल. (चाकांचे घर्षण आपण येथे सोडून दिले आहे, परंतु अंदाजासाठी हे चालेल.)

इतकी शक्ती विकत घेण्याची ऐपत नव्हती. पण हवेचा विरोध मोटारीच्या समोरच्या क्षेत्रफळावर आणि आकारावरही अवलंबून असतो. ही बाजू करवत आणि वेल्डिंगच्या जोरावर बदलता येते. म्हणून या तरुणांनी समोरची उभी काच काढली किंवा कापून बुटकी केली, मडगार्ड काढले, आणि सांगाडा चासीच्या वर न ठेवता तिच्या दोन्ही बाजूंनी खाली उतरवला. समजा, या साऱ्याने हवेचा विरोध ३० टक्क्यांनी घटला. तर त्याच ६५ अश्वशक्तीकडून ९३ अश्वशक्तीइतके काम मिळाले. हे २८ अश्वशक्तींचे इंजिन फुकट पडले!

या विचाराचे टोक १९४६ साली दिसले. युद्धात लढाऊ विमानांच्या पोटाखाली इंधनाच्या जादा टाक्या लावत. थेंबासारख्या निमुळत्या अशा या टाक्या युद्धानंतर भंगारात स्वस्त मिळू लागल्या. बिल बर्क यांनी नौकेवर नोकरीत असताना त्या पाहिल्या होत्या. त्यांनी तशा एका टाकीलाच मोटारीचा सांगाडा केले. पुढच्या प्रयत्नात त्यांनी मोठी टाकी घेतली, चालकाला पुढे आणि इंजिनाला मागे बसवले. विमानशास्त्राने घडवलेला आकार भंगाराच्या भावात मिळाला होता.

जमिनीलगत आणण्याच्या दोन रीती

मोटार खाली आणण्याने गुरुत्वमध्यही खाली येतो. फोर्डच्या मोटारींत डाव्या-उजव्या चाकांतील अंतर सुमारे १.४२ मीटर होते, म्हणजे मध्यापासून चाकापर्यंत ०.७१ मीटर. गुरुत्वमध्य जमिनीपासून ०.७० मीटरवर आहे असे उदाहरणादाखल धरू. अशी मोटार एका अंगावर सुमारे ४५ अंशांपर्यंत कलंडली तरी उलटणार नाही. गुरुत्वमध्य ०.५५ मीटरवर आणला तर हाच कोन ५२ अंशांवर जातो. सपाट वळणावर त्या काळचे टायर मोटार उलटण्याआधीच घसरत. पण घसरताना चाक रस्त्याच्या कडेला किंवा खड्ड्यात अडकले की हाच फरक जीव वाचवणारा ठरू शके.

मोटार खाली आणण्याच्या दोन रीती होत्या. पहिली विचारपूर्वक केलेली. पुढच्या ॲक्सलची टोके भट्टीत तापवून अशी वाकवायची, की चाके पूर्वीच्याच जागी राहून ॲक्सलचा मधला भाग काही इंच खाली येईल. त्यामुळे चासी खाली येते, पण पाटे आणि चासी यांच्यातील हालचालीला जागा पूर्वीइतकीच उरते. दुसरी रीत घाईची. पाट्यांची काही पाने काढून टाकायची किंवा पाटेच तापवून बसवायचे. मोटार खाली येते खरी, पण स्प्रिंगचे पोलाद ज्या कणखरपणामुळे स्प्रिंग म्हणवते, तो कणखरपणा नेमक्या तापमानाला तापवून व थंड करून आणलेला असतो. हाताने ज्योत फिरवली की तो जातो. शिवाय पाट्याला दबायला जागा उरत नाही, आणि पहिल्याच खड्ड्यात ॲक्सल चासीवर आपटतो. दोन्ही मोटारी बाहेरून सारख्याच दिसत. फरक दिसे तो वेगात.

कोरड्या तळ्यावर

हे सारे खरे की खोटे, ते कसे ठरवायचे? सॅन गॅब्रिएल पर्वताच्या पलीकडे मोहावी वाळवंटात कोरडी तळी आहेत. हिवाळ्यातील पावसाने त्यांच्यावर पाण्याचा पातळ थर साचतो, वारा तो इकडून तिकडे ढकलतो आणि तळाची चिकणमाती एकसारखी पसरते. उन्हाळ्यात ती वाळून टणक, सपाट मैदान तयार होते. म्युरॉक, रोझामंड, हार्पर, एल मिराज ही त्यांतील नावे. १९३० च्या दशकात तरुण आपल्या मोटारी घेऊन तेथे जमू लागले.

सुरुवातीला अनेक मोटारी एकाच वेळी सुटत. पुढच्या मोटारींनी उडवलेल्या धुळीत मागच्यांना काही दिसत नसे. या अंधाधुंद धावण्यात माणसे दगावली. अखेर १९३७ च्या नोव्हेंबरात काही क्लबांनी एकत्र येऊन ‘सदर्न कॅलिफोर्निया टायमिंग असोसिएशन’ स्थापन केली. नावात ‘शर्यत’ नाही, ‘वेळ मोजणे’ आहे. मोटारींचे वर्ग ठरले, तपासणी आली. पुढे एका वेळी एकच मोटार सोडून तिचा वेळ मोजण्याची पद्धत रुळली.

मोजण्यातही विज्ञान आहे. समजा, मोटार पाव मैलाचे अंतर ७.५ सेकंदांत कापते, म्हणजे ताशी १२० मैल. हातातले घड्याळ दाबताना ०.२ सेकंदाची चूक झाली, तर उत्तर ११७ पासून १२३ पर्यंत कुठेही येईल. कोणी नवे कार्ब्युरेटर बसवून दोन मैलांचा वेग कमावला असेल, तर तो या चुकीतच बुडून जाईल. म्हणून अचूक, यंत्राने मोजलेला वेळ हवा. तसा वेळ मिळू लागल्यावर ‘माझी मोटार पळते’ या बढाईला अर्थ उरला नाही. एक बदल करायचा, पुन्हा धावायचे, आकडा पाहायचा. आमच्या प्रयोगशाळेतही आम्ही याहून वेगळे काही करत नाही.

या आकड्यांतून माणसे घडली. व्हिक एडलब्रॉक यांनी रोजच्या वापरातल्या १९३२ च्या फोर्डला स्वतः तयार केलेला इंधनमार्ग जोडला आणि १९४१ साली रोझामंडवर ताशी १२१ मैलांचा, म्हणजे सुमारे १९५ किलोमीटरचा वेग नोंदवला. १९४८ साली स्टुअर्ट हिलबॉर्न यांची मोटार या तळ्यांवर ताशी १५० मैल ओलांडणारी पहिली ठरली. तिच्या फ्लॅटहेड इंजिनात कार्ब्युरेटरऐवजी त्यांनी स्वतः बनवलेली इंधन फवारण्याची योजना होती. युद्धकाळात धावणे थांबले, तेव्हा व्हेडा ऑर या महिलेने वार्तापत्र चालू ठेवून ते सैन्यात गेलेल्या सभासदांना पाठवले. त्या स्वतःही या तळ्यांवर मोटार चालवत. नोंद आणि प्रसिद्धी यांमुळेच एका शेडमधले ज्ञान दुसऱ्या शेडपर्यंत पोहोचले. जानेवारी १९४८ मध्ये ‘हॉट रॉड’ हे मासिक निघाले, ते याच वाटेने.

यांतील म्युरॉकचे तळे पुढे सैन्याने ताब्यात घेतले. १४ ऑक्टोबर १९४७ रोजी चक येगर यांनी त्याच परिसरात ध्वनीपेक्षा अधिक वेगाने विमान चालवले आणि ते त्या तळ्यावर उतरवले. १९८१ साली कोलंबिया हे अंतराळयानही आपल्या पहिल्या सफरीनंतर तेथेच उतरले.

राहिलेला हिशेब

मात्र सगळ्याच मोटारी तळ्यावर जात नव्हत्या. तळे दूर होते, घरासमोरचा रस्ता जवळ होता. युद्धानंतर शहरांच्या रस्त्यांवर रात्रीच्या शर्यती वाढल्या. अपघात झाले, माणसे मेली, आणि वर्तमानपत्रांत ‘हॉट रॉड’ हा शब्द शिवीसारखा वापरला जाऊ लागला.

येथे एक हिशेब राहून गेला होता. मोटारीची गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ताशी १०५ वरून वेग १६० झाला, की थांबताना ब्रेकला सुमारे २.३ पट ऊर्जा उष्णतेत बदलावी लागते. मॉडेल ए चे ब्रेक दांड्यांनी ओढले जाणारे, ४० अश्वशक्तीच्या हिशेबाने केलेले. फोर्डने द्रवाच्या दाबावर चालणारे ब्रेक आणले ते १९३९ च्या मोटारींपासून. जाणते तरुण ते ब्रेक भंगारातून आणून जुन्या ॲक्सलवर बसवत. पण इंजिनावर सारे पैसे खर्च झाले, की ब्रेकची पाळी ‘पुढच्या महिन्यात’ येई. इंजिन बोनेट उघडून मित्रांना दाखवता येते. ब्रेक कोणाला दाखवणार?

या तरुणांना खलनायक ठरवणे आम्हाला योग्य वाटत नाही, आणि त्यांना नायक करून अपघात विसरणेही योग्य वाटत नाही. त्यांच्यातल्याच काहींनी उत्तर शोधले. १९५० साली सांता आना येथे विमानाच्या धावपट्टीवर शर्यती सुरू झाल्या. १९५१ मध्ये वॉली पार्क्स यांच्या पुढाकाराने ‘नॅशनल हॉट रॉड असोसिएशन’ स्थापन झाली. वेग हवा तर तो रस्त्याबाहेर, आणि तपासणी झाल्यावरच, हा तिचा आग्रह होता.

कारखान्यांचेही लक्ष गेले. डिसेंबर १९५३ मध्ये झोरा आर्कस-डुंटोव्ह या अभियंत्याने जनरल मोटर्समधील आपल्या वरिष्ठांना एक टिपण लिहिले. हॉट रॉड बनवणारे तरुण फोर्डकडे ओढलेले आहेत, त्यांना आपल्याकडे कसे आणावे, हा त्याचा विषय. १९५५ साली शेव्हरोलेचे ४.३ लिटरचे व्ही-एट इंजिन आले. त्याच्या झडपा वर, झाकणात होत्या आणि शक्ती १६२ अश्वशक्ती होती. जुन्या फोर्डमध्ये शेव्हरोलेचे इंजिन, ही जोडी त्यानंतर घरोघरी दिसू लागली.

कायदा आणि रिमची कड

मोटार खाली आणण्याची हौस असलेला आणखी एक गट होता. लॉस एंजेलिसच्या मेक्सिकन वंशाच्या वस्त्यांत तरुण आपल्या मोटारी जमिनीलगत आणत, पण पळवण्यासाठी नव्हे. सावकाश, दिमाखात फिरायचे. पैसे नसले तर डिकीत वाळूची पोती ठेवूनही काम भागे. कॅलिफोर्नियात १९५८ पासून एक नियम लागू झाला. बदल केलेल्या मोटारीचा कोणताही भाग चाकाच्या रिमच्या खालच्या कडेपेक्षा खाली असता कामा नये. या मर्यादेला भौतिक अर्थ आहे. टायर फुटला तर मोटार रिमवर बसते. ब्रेकची नळी त्याहून खाली असेल, तर ती रस्त्यावर घासून तुटेल.

१९५९ साली रॉन अगीरे यांनी आपल्या मोटारीत द्रवाच्या दाबावर चालणारी योजना बसवली. तिचे भाग विमानाच्या भंगारातले होते. कळ दाबली की मोटार वर, पुन्हा दाबली की खाली. पास्कलचा नियम कायद्याच्या मदतीला धावला! पुढे हा नियम सुरक्षिततेपेक्षा विशिष्ट वस्त्यांतील तरुणांना अडवण्यासाठीच वापरला जातो, अशी तक्रार वाढली. अखेर १ जानेवारी २०२४ पासून कॅलिफोर्नियाने तो रद्द केला. ब्रेकची नळी घासण्याचा धोका मात्र कायदा रद्द झाल्याने गेलेला नाही. तो ज्याने त्याने पाहायचा आहे.

वर्गात

आपल्याकडे मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीकृत वाहनाच्या मूळ रचनेत असा फेरफार परस्पर करता येत नाही. विद्यार्थ्यांना ते स्पष्ट सांगावे. पण तेवढ्यावर थांबू नये. पुढील प्रयोग वर्गात सहज होतो.

पुठ्ठ्याचे एक रिकामे, उभट खोके घ्यावे. त्याच्या आत तळाला चिकटपट्टीने दहा नाणी चिकटवावीत. खोके एका फळीवर ठेवून, ते घसरू नये म्हणून खालच्या बाजूला पातळ पट्टी लावावी. फळीचे दुसरे टोक हळूहळू उचलून खोके कोणत्या कोनात उलटते ते कोनमापकाने मोजावे. मग तीच नाणी खोक्याच्या छताला आतून चिकटवून प्रयोग पुन्हा करावा. प्रत्येक मोजमाप किमान पाच वेळा घ्यावे आणि उत्तरांत किती फरक पडतो तेही लिहावे. दोन कोनांतील अंतर त्या फरकापेक्षा मोठे असेल, तरच निष्कर्ष काढावा.

त्यानंतर फळ्यावर दोन रकाने आखावेत. डावीकडे ‘काय बदलले’, उजवीकडे ‘त्यामुळे आणखी काय तपासावे लागेल’. डावीकडे ‘मोठे इंजिन’ लिहिले की उजवीकडे काय काय येईल, ते मुलांनाच सांगू द्यावे. रेडिएटर, चासी, गिअरबॉक्स, ॲक्सल, टायर अशी यादी वाढत जाईल. सायलेन्सरविषयी विचारणाऱ्या त्या मुलाला खडू द्यावा. आवाज वाढला म्हणजे वेग वाढला का, आणि हे ठरवायला काय मोजावे लागेल, ते त्यालाच लिहू द्यावे. यादी संपली असे वाटले, की तिच्यात ब्रेक आला आहे का, एवढे शिक्षकांनी पाहावे.